सॉफ्टवेअर प्रकल्प : माणसे वाढवून वेळ वाचतो का?

घोडबंदर हे मीरा-भाईंदर महापालिकेच्या हद्दीतील खाडीकाठचे जुने गाव. अरबी घोड्यांचा व्यापार या बंदरातून चालत असे, त्यावरून हे नाव पडले, असे सांगितले जाते. पोर्तुगीजांच्या ताब्यातील येथील किल्ला १७३७ मध्ये वसईच्या मोहिमेत मराठ्यांनी घेतला. आज मात्र 'घोडबंदर' म्हटले की डोळ्यांसमोर येतो तो ठाण्याच्या माजिवड्यापासून या गावाच्या दिशेने आलेला रस्ता, त्याच्या दुतर्फा उभी राहिलेली गृहसंकुले आणि गायमुखच्या घाटातील वाहतूक कोंडी. या संकुलांतून माहिती तंत्रज्ञान क्षेत्रातील नोकरदार मोठ्या संख्येने राहतात. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसचे 'ऑलिंपस' केंद्र याच रस्त्यावरील हिरानंदानी इस्टेटमध्ये उभे राहिले. अंधेरीचे सीप्झ आणि ऐरोलीच्या माहिती तंत्रज्ञान वसाहतीही येथून रोज ये-जा करता येण्याजोग्या अंतरावर आहेत.

लग्नाच्या स्थळांच्या माहितीपत्रकात 'प्रोजेक्ट लीड', 'टीम लीडर', 'डिलिव्हरी मॅनेजर' ही पदे आता सरावाची झाली आहेत. मात्र या पदावरील व्यक्ती दिवसभर नेमके काय करते, हे तिच्या आईवडिलांनाही अनेकदा सांगता येत नाही. प्रोग्राम लिहिणारा प्रोग्राम लिहितो, चाचणी घेणारा चुका शोधतो, मग हा मधला माणूस कशासाठी, हा प्रश्न साहजिक आहे. त्याचे उत्तर मुंबई विद्यापीठाच्या लाखो विद्यार्थ्यांना २०१७ च्या उन्हाळ्यात फार महाग पडले. ते समजून घेण्याआधी या व्यवसायाची थोडी पूर्वपीठिका पाहणे आवश्यक आहे.

न दिसणारे बांधकाम

इमारतीचे काम रखडले तर ते रस्त्यावरून जाणाऱ्यालाही दिसते. चौथा मजला झाला आणि सात मजले बाकी आहेत, हे मोजता येते. सॉफ्टवेअरचे तसे नाही. 'नव्वद टक्के काम झाले' हे वाक्य सॉफ्टवेअर प्रकल्पात महिनोन् महिने ऐकू येते आणि उरलेल्या दहा टक्क्यांना आधीच्या नव्वदइतकाच वेळ लागतो, हा या धंद्यातील जुना विनोद आहे. तो विनोद असला तरी त्यात अतिशयोक्ती फार नाही.

ही अडचण नवी नाही. १९६८ मध्ये जर्मनीतील गार्मिश येथे नाटो या लष्करी संघटनेच्या पुढाकाराने एक परिषद भरली. मोठ्या संगणक प्रणाली वेळेवर आणि ठरलेल्या खर्चात तयार होत नाहीत, या चिंतेतून तज्ज्ञ एकत्र आले होते. 'सॉफ्टवेअर इंजिनीअरिंग' ही संज्ञा तेथून रूढ झाली. योगायोग असा, की त्याच वर्षी मुंबईत टाटा समूहाने टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसची स्थापना केली. फकीरचंद कोहली यांनी पुढे या कंपनीला आकार दिला. सॉफ्टवेअर परदेशी पाठवण्याचा व्यवसाय १९७४ पासून तेथे सुरू झाला. सीप्झही त्याच सुमाराचे. १९७८ मध्ये पटणी कॉम्प्युटर सिस्टिम्स आणि १९८१ मध्ये पुण्यात इन्फोसिस सुरू झाली. म्हणजे प्रकल्प का रखडतात, याची चर्चा जगात सुरू झाली त्याच सुमारास मुंबई-पुण्याच्या पट्ट्यात हे प्रकल्प चालवणारी पहिली पिढी घडू लागली.

या विषयावरचे सर्वांत गाजलेले पुस्तक १९७५ मध्ये प्रसिद्ध झाले. फ्रेडरिक ब्रूक्स हे आयबीएमच्या '३६०' या संगणक मालिकेच्या मुख्य प्रणालीचे काम पाहत होते. ते काम वेळापत्रकाच्या मागे पडले. पुढे अध्यापनाकडे वळल्यावर त्यांनी 'द मिथिकल मॅन-मंथ' या पुस्तकात आपल्या अनुभवाची चिकित्सा केली. उशीर झालेल्या प्रकल्पावर ऐनवेळी माणसे वाढवली तर तो आणखी उशिरा पूर्ण होतो, हा त्यातील निष्कर्ष 'ब्रूक्सचा नियम' म्हणून ओळखला जातो.

वरवर पाहता हे तर्काविरुद्ध वाटते. भिंत रंगवायला चार जणांऐवजी आठ जण लावले तर काम लवकर होते. पण भिंत रंगवणाऱ्यांना एकमेकांशी फारसे बोलावे लागत नाही. सॉफ्टवेअरमध्ये एकाने लिहिलेला भाग दुसऱ्याच्या भागाशी जुळावा लागतो. त्यासाठी प्रत्येकाला प्रत्येकाशी संपर्क ठेवावा लागतो असे धरले तर पाच जणांच्या चमूत दहा जोड्या होतात, दहा जणांच्या चमूत ४५ आणि वीस जणांच्या चमूत १९०. माणसे चौपट झाली की बोलण्याचे धागे एकोणीसपट होतात. शिवाय नव्याने आलेल्यांना काम समजावून देण्यासाठी आधीच्या जाणत्या लोकांनाच हातातले काम बाजूला ठेवावे लागते. प्रकल्प सर्वाधिक अडचणीत असताना त्यातील सर्वांत अनुभवी माणसे शिकवणी घेत बसतात.

सतरा लाख उत्तरपत्रिका

मुंबई विद्यापीठाचे कार्यक्षेत्र मुंबई, ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या जिल्ह्यांत पसरलेले आहे. मीरा रोड, भाईंदर आणि घोडबंदर रस्त्यावरील महाविद्यालये याच विद्यापीठाशी संलग्न आहेत. २०१७ च्या उन्हाळी परीक्षांपासून उत्तरपत्रिकांची तपासणी संगणकाच्या पडद्यावर करण्याचा निर्णय तत्कालीन कुलगुरू डॉ. संजय देशमुख यांच्या कारकिर्दीत झाला. उत्तरपत्रिका स्कॅन करायच्या, त्यांची प्रतिमा प्राध्यापकाच्या संगणकावर उपलब्ध करायची, गुण तेथेच भरायचे आणि बेरीज यंत्राने करायची, अशी ही पद्धत. कल्पना म्हणून तीत गैर काहीच नव्हते. बेरजेतील चुका आणि गठ्ठ्यांची वाहतूक टळणार होती, शिवाय कोणाची उत्तरपत्रिका कोणाकडे गेली हे गुप्त राहणार होते.

घोटाळा झाला तो नियोजनात. परीक्षांचा हंगाम सुरू झाला तरी निविदेची प्रक्रिया चालूच होती. सर्व विद्याशाखांच्या ४७७ परीक्षा आणि १७ लाखांहून अधिक उत्तरपत्रिका एकाच हंगामात या पद्धतीखाली आल्या. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६ नुसार निकाल परीक्षा संपल्यापासून ३० दिवसांत, फार तर ४५ दिवसांत लागणे अपेक्षित आहे.

येथे एक साधे गणित मांडून पाहण्यासारखे आहे. १७ लाख उत्तरपत्रिका ४५ दिवसांत तपासायच्या तर दररोज सुमारे ३७,८०० व्हायला हव्यात. एका प्राध्यापकाने दिवसाला तीस तपासल्या असे गृहीत धरले तर एकही सुट्टी न घेता रोज १,२६० प्राध्यापक संगणकासमोर बसायला हवेत. पद्धत नवी असल्याने सुरुवातीला वेग निम्मा राहील असे मानले तर ही संख्या अडीच हजारांवर जाते. त्यांना पुरतील इतके संगणक, जोडणी, प्रशिक्षण आणि शंका विचारण्यासाठी माणसे लागतील ती वेगळीच. हे सारे आकडे गृहीतकांवरचे आहेत, परंतु असा हिशेब कागदाच्या अर्ध्या पानावर मावतो आणि तो कंत्राट देण्यापूर्वी करता येतो. प्रकल्प व्यवस्थापकाचे पहिले काम हेच आहे. त्यासाठी प्रोग्रामिंग येण्याची गरज नाही, तिसरी-चौथीचा भागाकार पुरतो.

प्रत्यक्षात स्कॅनिंगला वेळ लागला, उत्तरपत्रिकांची सरमिसळ झाली आणि अनेक प्राध्यापकांना नवी पद्धत हाताळताना अडचणी आल्या. राज्यपाल व कुलपती सी. विद्यासागर राव यांनी जुलैच्या सुरुवातीला हस्तक्षेप करून ३१ जुलैपर्यंत सर्व निकाल लावण्याचा आदेश दिला. त्यानंतर जे झाले ते ब्रूक्स यांच्या पुस्तकातील प्रकरण शोभावे असे होते. महाविद्यालयांतील तास काही दिवस बंद ठेवून प्राध्यापकांना तपासणीला जुंपण्यात आले. इतर विद्यापीठांतील प्राध्यापकांचीही मदत घेण्यात आली. ३१ जुलै उलटला. नवी तारीख जाहीर झाली, तीही उलटली. ऑगस्टमध्ये कुलगुरूंना सक्तीच्या रजेवर पाठवून कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू डॉ. देवानंद शिंदे यांच्याकडे कार्यभार सोपवण्यात आला. वाणिज्य आणि विधी शाखेचे विद्यार्थी सर्वाधिक ताटकळले. रखडलेले निकाल पूर्ण व्हायला सप्टेंबर उजाडला. २४ ऑक्टोबर २०१७ रोजी राज्यपालांनी डॉ. देशमुख यांना पदावरून दूर केले.

निकालानंतरही गोंधळ संपला नाही. परीक्षा दिलेले विद्यार्थी गैरहजर दाखवले गेले, काही उत्तरपत्रिका सापडत नव्हत्या, पुनर्मूल्यांकनासाठी अर्जांची रीघ लागली. परदेशी विद्यापीठात प्रवेश निश्चित झालेल्या, अन्य राज्यांत पदव्युत्तर शिक्षणासाठी जाऊ पाहणाऱ्या किंवा नोकरीवर रुजू होण्यासाठी गुणपत्रिका हवी असलेल्या मुलामुलींसाठी गेलेले महिने परत येणारे नव्हते.

या प्रकरणाची चर्चा त्या वेळी प्रामुख्याने 'सॉफ्टवेअर चालले नाही' अशा शब्दांत झाली. ते पूर्ण सत्य नव्हे. संगणकावरील मूल्यांकन विद्यापीठाने पुढेही चालू ठेवले. पद्धत तीच राहू शकते, याचाच अर्थ पहिल्या हंगामात कमी पडले ते नियोजन. किती काम आहे, ते किती माणसे किती दिवसांत करतील, पहिल्या आठवड्यात गती कमी दिसली तर काय करायचे आणि जुन्या पद्धतीवर परत जाण्याचा निर्णय कोणत्या तारखेपर्यंत घेता येईल, या चार प्रश्नांची उत्तरे सुरुवातीलाच हाती असायला हवी होती. त्यातील शेवटचा प्रश्न सर्वांत अवघड, कारण माघारीची तारीख आधीच लिहून ठेवणे म्हणजे अपयशाची कबुली, अशी आपल्याकडे समजूत आहे.

त्याच वर्षी राज्य सरकारच्या शेतकरी कर्जमाफी योजनेतही ऑनलाइन अर्ज आणि बँकांकडील माहिती यांचा मेळ बसवताना यंत्रणेची दमछाक झाली होती. तेथेही प्रोग्रामपेक्षा त्यात भरलेल्या माहितीने अधिक त्रास दिला.

पारपत्राचा टप्प्याटप्प्याचा मार्ग

याच्या उलट उदाहरण ठाणे परिसरातील नागरिकांनी स्वतः अनुभवलेले आहे. परराष्ट्र मंत्रालयाने पासपोर्ट सेवा प्रकल्पाचे काम २००८ मध्ये टीसीएसला दिले. देशभर ७७ केंद्रे उभारायची होती. ती सर्व एकाच दिवशी उघडण्यात आली नाहीत. २०१० मध्ये आधी बेंगळुरू आणि चंडीगड विभागात प्रायोगिक केंद्रे सुरू झाली. तेथील अनुभव, चुका आणि लेखापरीक्षण यानंतरच इतर शहरांची पाळी आली. ७७ केंद्रांचे जाळे २०१२ च्या मध्यास पूर्ण झाले.

हा प्रकल्पही मूळ वेळापत्रकाच्या मागे पडला होता, हे नमूद करायला हवे. पण उशीर झाला तेव्हा जुनी पारपत्र कार्यालये चालू होती आणि अर्जदाराचे अडले नाही. जबाबदारीची वाटणीही स्पष्ट होती. वागळे इस्टेटमधील केंद्रात गेलेल्या कोणालाही ती आठवेल. 'अ' खिडकीवर कंपनीचा कर्मचारी कागदपत्रे व छायाचित्र घेतो, 'ब' खिडकीवर सरकारी कर्मचारी पडताळणी करतो आणि 'क' खिडकीवर पारपत्र देण्याचा निर्णय सरकारी अधिकारी घेतो. कोणते काम कंपनीचे आणि कोणते सरकारचे, हे कंत्राटाच्या कागदातच नव्हे तर खिडक्यांच्या मांडणीतही दिसते. मोठ्या प्रकल्पांत सर्वाधिक भांडणे याच सीमारेषेवरून होतात.

पायऱ्या की फेऱ्या

सॉफ्टवेअर तयार करण्याच्या पद्धतींचे ढोबळमानाने दोन पंथ आहेत. पहिल्या पंथात गरजा लिहून घेणे, आराखडा, प्रोग्राम लेखन, चाचणी आणि हस्तांतर अशा पायऱ्या एकापाठोपाठ उतरायच्या असतात. धबधब्याप्रमाणे काम खाली उतरते म्हणून तिला 'वॉटरफॉल' म्हणतात. हिचे जनकत्व विन्स्टन रॉइस यांच्या १९७० च्या निबंधाकडे दिले जाते. गंमत म्हणजे, केवळ अशा एकेरी वाटेने जाणे धोक्याचे आहे, असा इशारा रॉइस यांनी त्याच निबंधात दिला होता. आकृती सर्वांनी उचलली, इशारा मात्र फारसा कोणी वाचला नाही.

दुसरा पंथ 'अजाइल'चा. फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतील युटा राज्यात १७ तज्ज्ञांनी एकत्र येऊन त्याचा जाहीरनामा तयार केला. यात काम एक ते चार आठवड्यांच्या फेऱ्यांत विभागतात आणि प्रत्येक फेरीअखेर चालू स्थितीतील काहीतरी ग्राहकासमोर ठेवतात. 'स्क्रम' ही त्यातील सर्वाधिक प्रचलित रीत, नाव रग्बीच्या खेळातून घेतलेले. चमू दहा किंवा त्याहून कमी जणांचा असावा, रोज पंधरा मिनिटांत सर्वांनी कामाची स्थिती सांगावी, अशी तिची शिस्त आहे. कित्येक कार्यालयांत ही पंधरा मिनिटे पाऊण तासावर जातात आणि बैठकीचे रूपांतर साहेबांना हजेरी देण्यात होते, ही गोष्ट वेगळी.

या दोहोंच्या दरम्यान भारतीय कंपन्यांनी प्रक्रियेच्या शिस्तीवर मोठा भर दिला. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संस्थेने १९९१ मध्ये 'सीएमएम' हे पाच स्तरांचे मोजमाप प्रसिद्ध केले. नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस पाचवा स्तर गाठलेल्या केंद्रांत भारतीय केंद्रांचा भरणा लक्षणीय होता. परदेशी ग्राहकांचा विश्वास मिळवण्यात या प्रमाणपत्रांचा मोठा वाटा होता. कागदपत्रांचा डोंगर वाढला, ही त्याची दुसरी बाजू.

चमूचा म्होरक्या

आठ-दहा जणांच्या चमूचा प्रमुख बहुधा पाच ते आठ वर्षे अनुभवाचा, तिशीच्या उंबरठ्यावरील अभियंता असतो. चांगला प्रोग्राम लिहितो म्हणून त्याला बढती मिळते आणि बढतीनंतर प्रोग्राम लिहिणे जवळजवळ थांबते. माणसे सांभाळण्याचे शिक्षण मात्र त्याला कोणी दिलेले नसते. वरून ग्राहकाची तारीख आणि खालून 'इतक्या दिवसांत होणार नाही' असे सांगणारे सहकारी, या दोन्हींच्या मध्ये तो उभा असतो.

त्याच्या कामातील सर्वांत मोलाचा भाग म्हणजे वाईट बातमी लवकर वर पोहोचवणे. काम तीन आठवडे मागे आहे हे दुसऱ्या महिन्यात सांगितले तर व्याप्ती कमी करता येते, तारीख बदलता येते, माणसेही वेळेत वाढवता येतात. ब्रूक्स यांचा आक्षेप ऐनवेळच्या भरतीला आहे, सुरुवातीच्या भरतीला नाही. हीच गोष्ट नवव्या महिन्यात कळली तर हाती फक्त रात्रपाळी उरते. चमूतील कनिष्ठ मुलगी 'सर, हे जमणार नाही' असे निर्धास्तपणे म्हणू शकते की नाही, यावर ही बातमी वेळेत मिळणे अवलंबून असते. आपल्याकडील कार्यालयांत वरिष्ठांना नाही म्हणणे उद्धटपणाचे मानले जाते. त्यामुळे 'होईल सर' हे उत्तर मिळते आणि ते साप्ताहिक अहवालात हिरव्या रंगात दाखवले जाते.

अंदाज बांधण्याच्या रीती उपलब्ध आहेत. आयबीएमच्या ॲलन अल्ब्रेक्ट यांनी १९७९ मध्ये मांडलेली 'फंक्शन पॉइंट' पद्धत आणि बॅरी बोहेम यांचे १९८१ चे 'कोकोमो' हे सूत्र अभ्यासक्रमांत शिकवले जाते. व्यवहारात मात्र अनेकदा तारीख आधी ठरते आणि अंदाज तिला जुळवून घेतला जातो. चांगला प्रमुख अशा वेळी तारखेशी भांडत बसत नाही, तर त्या तारखेला काय काय देता येईल आणि काय नाही, याची यादी लेखी मागतो. ग्राहकाने मध्येच वाढवलेली प्रत्येक मागणी तो नोंदवून ठेवतो. 'एवढे छोटेसे करून द्या' या विनंत्यांनी बुडालेले प्रकल्प तांत्रिक बिघाडाने बुडालेल्यांपेक्षा कमी नसावेत.

दुसरी अडचण गळतीची. माणूस नोकरी सोडून जातो तेव्हा त्याच्या डोक्यातील माहितीही जाते. नोटिशीच्या काळात 'केटी', म्हणजे ज्ञान हस्तांतर, करण्याची पद्धत आहे. जाणाऱ्याचे मन तोपर्यंत नव्या कंपनीत पोहोचलेले असते, त्यामुळे ते बहुधा नावापुरते होते. म्हणून प्रत्येक भाग किमान दोघांना ठाऊक असावा, असा दंडक अनुभवी प्रमुख पहिल्या दिवसापासून पाळतात.

घड्याळाचाही प्रश्न आहे. न्यूयॉर्क आणि मुंबई यांच्या वेळेत उन्हाळ्यात साडेनऊ तर हिवाळ्यात साडेदहा तासांचे अंतर असते. ग्राहकाची सकाळ म्हणजे येथील रात्रीचे जेवण. मीरा रोडहून ठाण्याला जाणाऱ्याला घाटातील कोंडीत अडकल्यावर घरी पोहोचताच कानाला हेडफोन लावावा लागतो. मार्च २०२० मधील टाळेबंदीनंतर हे काम घरातून होऊ शकते, हे सिद्ध झाले. टीसीएसने तेव्हा २०२५ पर्यंत केवळ २५ टक्के कर्मचाऱ्यांनी कार्यालयात यावे लागेल, अशी योजना मांडली होती. २०२३ मध्ये मात्र कर्मचाऱ्यांना पुन्हा आठवड्याचे पाचही दिवस कार्यालयात बोलावण्यात आले. घरून कामाच्या काळात जुने चमू उत्तम चालले, पण नव्याने रुजू झालेल्यांना शेजारी बसून शिकण्याची सोय राहिली नाही, असा अनेक प्रमुखांचा सूर होता.

या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्यांसाठी अमेरिकेतील प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूटची 'पीएमपी' ही परीक्षा १९८४ पासून आहे आणि तिला प्रत्यक्ष प्रकल्प हाताळल्याचा अनुभव लागतो. 'स्क्रम मास्टर'ची प्रमाणपत्रे त्या मानाने लवकर मिळतात. नोकरीच्या मुलाखतीत मात्र हल्ली प्रमाणपत्राइतकाच आणखी एक प्रश्न हमखास विचारला जातो : तुमचा रखडलेला प्रकल्प कोणता, आणि तो रखडणार हे तुम्ही कोणत्या आठवड्यात कळवले?